मऊ बोलणारा आनंद

"विश्वनाथन आनंद मोठा खरा, पण जरा मऊ होता." आमच्या बुद्धिबळाच्या अड्ड्यावर कुणी नवा माणूस असं बोलला की अण्णा चहाचा कप बाजूला ठेवतात आणि पट ओढून घेतात. तोंडाने वाद घालणं त्यांना जमत नाही. आनंदचा बॉनचा नाहीतर सोफियाचा एखादा डाव लावतात, शेवटच्या चालीपाशी आणतात आणि विचारतात, "बघ की रे, हे मऊ माणसाचं काम हाय काय?"

अड्डा बेळगावच्या वडगावात, अण्णांच्या यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या खोलीत भरतो. वीज गेली की मागांचा खटखटाट एकदम बंद पडायचा आणि त्या अवचित शांततेत पट मांडला जायचा, अशी याची सुरुवात. साड्यांचं काम पुढे कमी झालं, वीज पूर्वीइतकी जात नाही, पण माणसं यायची थांबली नाहीत. खानापूरहून मामा येतात. शहापूरचे दोघे भाऊ येतात. मूळ गोकाकचे एक सर येतात. ते घरी कन्नड बोलतात आणि पटावर आमच्याशी मराठीतून तंडतात. या सगळ्यांना बांधून ठेवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आनंदचं वेड. या माणसाविषयी आम्ही जेवढं बोललो असू, तेवढं स्वतःच्या नातेवाईकांविषयीही बोललो नसू.

आजच्या मुलांना आधीचा काळ सांगून पटत नाही. मॅन्युएल आरोन १९६१ साली आपला पहिला इंटरनॅशनल मास्टर झाला आणि ग्रँडमास्टर, म्हणजे त्याच्याही वरचा, सगळ्यात मोठा किताब मिळायला देशाला पुढे १९८८ उजाडावं लागलं. मधल्या काळात ग्रँडमास्टर म्हणजे रशियात पिकणारी गोष्ट, असं आम्ही धरून चाललो होतो. सांगलीला बुद्धिबळाचं मोठं वातावरण होतं. इकडची पोरं पॅसेंजरने मिरजेला उतरून स्पर्धांना जायची, चांगली खेळायची, पण त्यांच्या स्वप्नांची हद्द राज्य स्पर्धेपाशी संपायची. मग मद्रासच्या एका सडपातळ मुलाने १९८७ साली फिलिपाइन्समधल्या बागियोत जागतिक ज्युनिअर अजिंक्यपद जिंकलं, पुढच्याच वर्षी तो ग्रँडमास्टर झाला आणि ती हद्द पुसली गेली.

फिलिपाइन्सवरून आठवलं. आनंदच्या आयुष्यातली अण्णांची सगळ्यात आवडती गोष्ट त्याच देशातली आहे. वडील रेल्वेत, त्यांची काही काळ मनिलाला नेमणूक झाली होती. तिथल्या टीव्हीवर दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम लागायचा, त्यात शेवटी एक कोडं असायचं. त्या वेळेला आनंद शाळेत. मग त्याची आई सुशीलाबाई टीव्हीसमोर बसून पटावरची मांडणी वहीत उतरवून घ्यायची. संध्याकाळी पोरगं घरी आलं की दोघं मिळून कोडं सोडवायची आणि उत्तर टपालाने धाडायची. बक्षीस म्हणून पुस्तक मिळायचं. आनंदने इतकी पुस्तकं जिंकली की शेवटी कार्यक्रमवाल्यांनीच त्याला सांगितलं: हवी तेवढी पुस्तकं घेऊन जा, पण आता उत्तरं पाठवू नकोस.

अण्णांना बुद्धिबळ त्यांच्या आईने शिकवलं होतं. कापडी पट, देशी नियम. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालणार, राजाला आयुष्यात एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा. दुपारची भांडीकुंडी आवरल्यावर शेजारणींबरोबर त्या माउलीचे डाव चालायचे. त्यामुळे वहीत पट उतरवून घेणारी ती मद्रासी आई अण्णांना परकी वाटलीच नाही. एवढी साधी गोष्ट सांगतानाही त्यांचा गळा दाटतो, आणि आम्ही कुणी मध्ये बोलत नाही.

मनिलाला जाण्याआधीच आईने त्याला मद्रासच्या ताल चेस क्लबात घातलं होतं. माजी जगज्जेता मिखाईल तालच्या नावाचा हा क्लब, सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात भरणारा. तिथे विजेच्या वेगाचे डाव चालायचे आणि नियम असा की जिंकेल तो खुर्चीवर राहील, हरेल त्याने उठून रांगेत मागे जायचं. खुर्ची टिकवायची तर झटपट खेळायला हवं. आनंदचा तो सुप्रसिद्ध वेग तिथे घडला. समोरचा ग्रँडमास्टर दोन-दोन तास डोकं धरून बसलेला आणि हा पंधरा-वीस मिनिटांत अख्खा डाव खेळून मोकळा. युरोपातल्या भल्याभल्यांना आधी हा पोरकटपणा वाटला, नंतर धडकी भरली. आमच्या खोलीतही ताल क्लबाचाच नियम आहे, जिंकेल तो बसेल.

मऊपणाचा शिक्का बसला तो १९९५ साली. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये, १०७ व्या मजल्यावर, गॅरी कास्पारोव्हशी जगज्जेतेपदाची लढत होती. पहिले आठ डाव बरोबरीत सुटले. नववा आनंदने जिंकला. इकडे आमच्या पेपरात चाली येईपर्यंत दिवस उलटलेला असायचा. अण्णा तो चौकोन कापून मागाच्या हिशेबाच्या वहीत चिकटवत. नवव्या डावाचं कात्रण आलं त्या संध्याकाळी खोलीत कुंदा आणला होता. मग दहाव्या डावात कास्पारोव्हने घरून तयार करून आणलेला सापळा उघडला, हत्ती देऊन टाकला आणि आनंदला उभं राहायला जागा ठेवली नाही. अकरावा गेला, तेरावा गेला, चौदावा गेला. लढत १०.५–७.५ अशी संपली. तेव्हापासून लिहिणाऱ्यांच्या लेखणीला एक शब्द चिकटला, किलर इन्स्टिंक्ट. तो म्हणे आनंदकडे नाही. फार सभ्य आहे, हसतमुख आहे, समोरच्याकडे डोळे वटारून बघत नाही, मग हा जिंकणार कसा?

मला या तर्काचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो. समोरच्याला खुर्चीत बसल्या बसल्या दबवायचं, दारं आपटायची, तोंड वाकडं करायचं, हे सगळं ताकदीचं लक्षण कधीपासून झालं? कास्पारोव्ह थोर होता तो त्याच्या अफाट तयारीमुळे आणि पटावर पेटवलेल्या आगीमुळे. त्याच्या भुवयांमुळे नव्हे. आणि त्या पराभवानंतर आनंदने काय केलं? कुणावर ठपका ठेवला नाही, निवृत्तीची भाषा केली नाही, पुढच्या स्पर्धेला जाऊन बसला. २००० साली तेहरानमध्ये शिरोव्हला ३.५–०.५ असं हरवून फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचा विश्वविजेता झाला. तेव्हाही लोक म्हणाले, ही बाद फेरीची स्पर्धा, यात खरा जगज्जेता कळत नाही. २००७ ला मेक्सिको सिटीत आठ जणांच्या स्पर्धेत एकही डाव न हरता पहिला आला. तेव्हा म्हणाले, समोरासमोरच्या लढतीत क्रॅमनिकला हरवून दाखव.

म्हणून जर्मनीतलं बॉन. ऑक्टोबर २००८. आमच्यासाठी ती दिवाळी बॉनच्या नावाने लिहिली गेली आहे.

व्लादिमिर क्रॅमनिक म्हणजे भिंत. याच माणसाने २००० साली कास्पारोव्हचं जगज्जेतेपद घेतलं होतं, तेही एकही डाव न हरता. आनंद आयुष्यभर राजासमोरचं प्यादं पुढे टाकून डाव सुरू करणारा. क्रॅमनिकची सगळी फौज त्याच दारावर पहारा देत असणार, हे उघड होतं. आणि आनंदने या लढतीत पांढऱ्या मोहऱ्यांनी पहिली चाल केली ती वजिराच्या प्याद्याची. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या लढतीसाठी, माणसाने आपली चाळीस-पन्नास टक्के नाही, सगळीच्या सगळी सवय बदलली होती. महिनोन् महिने बंद खोलीत केलेलं ते काम. त्याचा कुठे गाजावाजा नाही, आदल्या दिवशीची डरकाळी नाही.

खरा घाव काळ्या मोहऱ्यांनी बसला. तिसऱ्या डावात सेमी-स्लाव्ह नावाच्या सुरुवातीच्या मेरान प्रकारात आनंदने उंट बी-७ या घरावर ठेवला, राजाच्या बाजूची फळी मोडून हत्ती जी-८ वर आणला आणि प्यादी उधळून क्रॅमनिकच्या राजावर चालून गेला. जिंकला. पाचव्या डावात क्रॅमनिक पुन्हा त्याच वाटेने आला. आनंदनेही वाट बदलली नाही.

त्या संध्याकाळी आम्ही टिळकवाडीतल्या एका सायबर कॅफेत दाटीवाटीने बसलो होतो. पान नव्याने उघडत एकेक चाल बघायची, मग मामांनी ती मांडीवरच्या छोट्या पटावर करायची. एकोणतिसाव्या चालीला क्रॅमनिकने घोड्याने डी-४ वरचं प्यादं मारलं. मामा म्हणाले, प्यादं फुकट गेलं. सर काहीच बोलले नाहीत, नुसते पटाकडे वाकले. पुढे मारामारी झाली, दोन्ही वजीर पटावरून गेले, क्रॅमनिकच्या हत्तीने बी-७ वरचा उंट खाल्ला. आनंदच्या हत्तीने सी-१ वर जाऊन शह दिला, क्रॅमनिकने मध्ये उंट घातला. इथवर सगळं त्याने आधीच पाहिलेलं असणार. मग चौतिसावी चाल आली. काळा घोडा जी-४ वरून उडून ई-३ वर, सरळ पांढऱ्या प्याद्याच्या तोंडात. तो मारावा तर एफ-४ वरचं काळं प्यादं तिरकं येऊन ई-३ वर बसतं आणि तिथून त्याला कुणी अडवू शकत नाही, कारण अडवणारा उंट राजासमोर खिळलेला. न मारावा तर हत्ती पुढच्याच चालीला तो उंट खाऊन मात देतो. क्रॅमनिकने हार मानली.

"हौदु, हौदु," सर कन्नडमधून एवढंच म्हणाले, म्हणजे होय, होय. कॅफेवाल्या पोराला बुद्धिबळ येत नव्हतं, पण त्यानेही येऊन पटाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सहावा डावही आनंदने घेतला. दहावा क्रॅमनिकने जिंकला, थोडी धाकधूक झाली. पाडव्याला, २९ ऑक्टोबरला, अकरावा डाव बरोबरीत सुटला आणि ६.५–४.५ वर लढत संपली. तीन दिवसांनी १ नोव्हेंबर. बेळगावात त्या दिवसाचा अर्थ काय असतो, ते इथल्या माणसाला सांगायला नको. एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला मराठी माणसांचा काळा दिन, दुकानं अर्धीमुर्धी बंद, नाक्यानाक्यावर पोलीस. सर त्या दिवशीही गावाच्या दुसऱ्या टोकाहून चालत आले. पाचवा डाव मांडला गेला आणि तो ई-३ वरचा घोडा प्रत्येकाने आळीपाळीने आपल्या हाताने खेळून बघितला.

सोफिया हा माझा स्वतःचा जिव्हाळ्याचा विषय. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडचा ज्वालामुखी फुटला, राखेच्या ढगांनी युरोपातली विमानं जमिनीवर बसवली. आनंद फ्रँकफर्टला अडकला. लढत बल्गेरियात, प्रतिस्पर्धी तिथलाच व्हेसेलिन टोपालोव्ह. आनंदने तीन दिवसांची मुदत मागितली, मिळाला एक दिवस. बायको अरुणा आणि सहकाऱ्यांना घेऊन हा जगज्जेता गाडीने निघाला. ऑस्ट्रिया, हंगेरी, रुमानिया ओलांडत सुमारे चाळीस तासांचा रस्ता करून सोफियाला पोचला. पहिला डाव हरला. दुसरा जिंकला. चौथ्यात घोड्याचं बलिदान देऊन जिंकला. आठवा गेला. अकरा डावांनंतर ५.५–५.५.

बाराव्या डावात आनंदकडे काळ्या मोहऱ्या. बरोबरी झाली असती तर जलद डाव खेळावे लागले असते आणि जलद डावांत आनंदपुढे कोण टिकणार? हे टोपालोव्हला पुरतं ठाऊक होतं. म्हणून जिंकण्यासाठी त्यालाच पुढे यावं लागलं. एकतिसाव्या चालीला त्याने एक प्यादं मारलं, आनंदने दुसरं पुढे सरकवलं, टोपालोव्हने तेही मारलं आणि स्वतःच्या राजाकडे जाणारा लांबलचक कर्ण स्वतःच्या हाताने उघडून दिला. पुढची पंचवीसेक चाली त्या राजाची नुसती फरफट. जो वेग एके काळी पोरकटपणा म्हणून हिणवला गेला, त्या वेगाच्या नुसत्या भीतीने ही लढत जिंकून दिली, असं मी मानतो.

लढतीनंतर आनंदनेच सांगितलं की तयारीत त्याला कास्पारोव्ह, क्रॅमनिक आणि तरुण मॅग्नस कार्लसन यांची मदत झाली होती. या ओळीपाशी मी दरवेळी थांबतो. एक, ज्याने त्याला १९९५ ला चिरडलं. दुसरा, ज्याचं जगज्जेतेपद त्याने दीड वर्षापूर्वी पक्कं काढून घेतलं. तिसरा, जो पुढे त्याचंच घेणार होता. पटावर इतक्या वर्षांची झुंज झाल्यावर ही माणसं फोन उचलतात, वेळ देतात, आपली गुपितं सांगतात. मऊपणाच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी या एका गोष्टीचं उत्तर द्यावं. माणसाने आयुष्यभर लोकांशी नीट वागून जे कमावलेलं असतं, ते असं अडीअडचणीला उभं राहतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबादला जे झालं, त्याने आमच्या खोलीतलं वातावरण फार दिवस जड होतं. गणितज्ञांची जागतिक परिषद भरली होती आणि तिथल्या विद्यापीठाने आनंदला सन्माननीय डॉक्टरेट देऊ केली होती. ऐनवेळी दिल्लीच्या मंत्रालयातून शंका निघाली की हा राहतो स्पेनमध्ये, मग हा भारतीय आहे का? पासपोर्ट दाखवावा लागला. जगभर ज्याच्या नावापुढे तिरंगा लागतो, त्याला कागद मागितला गेला. मंत्र्यांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली, पण आनंदने ती पदवी घेतली नाही.

इतर गावांतल्या चाहत्यांना हे प्रकरण फार तर संतापजनक वाटलं असेल. आम्हाला ते आतून कळलं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून इथल्या मराठी घरांत एक प्रश्न पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे: तुम्ही नेमके कुठले? पुण्याला गेलं की "कर्नाटकातले का?" म्हणून विचारतात, बंगळूरला गेलं की "महाराष्ट्रातले का?" म्हणून. शाळेचा दाखला, नोकरीचा अर्ज, वीजबिल, जिथेतिथे आपण कोण हे पुन्हा सांगायचं. सर म्हणाले, सीमेवरच्या कानडी माणसालाही हे वेगळ्या तऱ्हेने सोसावं लागतंच. त्या दिवशी भाषेवरून कुणी कुणाला टोकलं नाही. आपल्या आवडत्या माणसालाही तोच प्रश्न विचारला गेला, एवढंच सगळ्यांच्या मनात होतं.

आणि त्याच आठवड्यात, त्याच हैदराबादेत, तो माणूस परिषदेला आलेल्या गणितज्ञांशी आणि मुलांशी एकाच वेळी चाळीस पटांवर खेळला. एकोणचाळीस डाव जिंकला. एक बरोबरीत सुटला, चौदा वर्षांच्या एका मुलाबरोबर. मनात कितीही खळबळ असली तरी पटावर त्याचं सावट पडू दिलं नाही. याला मी ताकद म्हणतो.

२०१२ ला मॉस्कोत इस्रायलच्या बोरिस गेल्फांडशी सहा-सहा अशी बरोबरी झाल्यावर जलद डावांत त्याने जगज्जेतेपद राखलं. त्यात फार रमावं असं काही नाही, ते डाव कोरडे होते.

चेन्नई २०१३ बद्दल बोलताना अण्णा अजूनही आवाज खाली आणतात. स्वतःच्या शहरात, स्वतःच्या माणसांसमोर, बावीस वर्षांच्या कार्लसनशी गाठ. दूरदर्शनवर थेट दाखवत होते, म्हणून मागाच्या शेडमधली माणसंही येऊन बसायची. पाचवा आणि सहावा डाव गेला. नवव्यात आनंद पांढऱ्या मोहऱ्यांनी सर्वस्व पणाला लावून राजावर चालून गेला. कार्लसनचं प्यादं वजीर होऊन शह देत उभं राहिलं. मध्ये उंट घालायचा होता. आनंदने घोडा घातला. त्या वजिराने एक चाल केली आणि सगळं संपलं. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर होता. त्याने हात पुढे केला, कार्लसनशी हात मिळवला आणि नंतर पत्रकारांच्या खोलीत जाऊन एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. आपण कुठे चुकलो, ते सांगितलं. पोटात दुखलं, झोप लागली नाही, असलं काही नाही.

सगळ्यांनी तेव्हा त्याचे मृत्युलेख लिहून ठेवले होते. जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेला जावं की नाही, असं त्यालाही वाटत होतं. 'तू खेळच' असा आग्रह करणाऱ्यांत क्रॅमनिक होता, हे मला फार मोलाचं वाटतं. मार्च २०१४ मध्ये रशियातल्या खांती-मान्सिस्कला आनंद १४ डावांत एकही न हरता, दुसऱ्याला पूर्ण गुणाने मागे टाकून पहिला आला. पुन्हा कार्लसनसमोर सोचीला बसला, पुन्हा हरला, पण त्या वेळी झुंज बरोबरीची होती. आणि डिसेंबर २०१७ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, रियाधला जागतिक जलद अजिंक्यपद जिंकलं. वाटेत कार्लसनलाही हरवलं. ही बातमी मामांनी खानापूरहून फोन करून दिली तेव्हा अण्णांना आधी खरंच वाटेना.

आता गुकेश जगज्जेता झाला आहे, नागपूरची दिव्या देशमुख महिलांचा विश्वचषक जिंकून आली आहे, देशातल्या ग्रँडमास्टरांचा आकडा ८० च्या पुढे गेला आहे. गुकेशसारखी पोरं आनंदच्या अकादमीत त्याच्या देखरेखीखाली वाढली. वडगावच्या गल्लीतली मुलं रविवारी सकाळी खोलीत येतात, मोबाइलवर एका मिनिटाचे डाव खेळतात आणि आमच्यापेक्षा चांगलं खेळतात. त्यांना आनंद म्हणजे गुकेशच्या मागे उभे असलेले चष्मेवाले काका. अण्णांचा आग्रह आहे की या मुलांना त्याचे डाव ओळीने दाखवायचे, पहिल्यापासून. सुरुवात कुठून करायची, यावर मात्र एकमत होत नाही. सर बॉनचा पाचवा म्हणतात. मी सोफियाच्या बाराव्यावर अडून बसलोय. अण्णा म्हणतात, आधी खांती-मान्सिस्क, हरल्यानंतर माणूस कसा खेळतो ते पोरांना आधी कळू दे. येत्या रविवारी पट अण्णांच्या घरचा आहे, तेव्हा बहुतेक त्यांचंच चालेल. पण सर ऐकून घेणाऱ्यातले नाहीत, आणि मीही नाही.